बोली लावली, तर माल उचला

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीतली एक रीत इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. ज्याच्या नावावर बोली सुटली, त्याने माल उचलायचा. कांद्याची ट्रॉली असो की टोमॅटोचे क्रेट, ‘बोली माझी, पण माल पडू द्या इथेच आणि दुसऱ्याला हात लावू देऊ नका’, असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी लिलावात उभे करणार नाही. पडून राहिलेला माल सडतो आणि मरतो तो पिकवणारा.

क्रिकेटच्या प्रक्षेपण हक्कांच्या बाजारात मात्र नेमके हेच चालते, आणि त्याला करार म्हणतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय संघाच्या मायदेशातल्या ८८ सामन्यांचे हक्क ५,९६३ कोटी रुपयांना विकले गेले. मुदत मार्च २०२८ पर्यंत. देशांतर्गत क्रिकेट, म्हणजे आपली रणजीसुद्धा, त्याच गाठोड्यात बांधून दिली गेली. घेणाऱ्याची नजर ८८ सामन्यांवर. रणजी त्याच्या लेखी वरकड. दाखवली तर दाखवली.

आता नाशिककडे या. २३ जानेवारी २०२५ रोजी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, आपण ज्याला गोल्फ क्लब म्हणतो तिथे, महाराष्ट्र विरुद्ध बडोदा हा रणजी सामना सुरू झाला. कर्णधार ऋतुराज गायकवाड. महाराष्ट्राने तो ४३९ धावांनी जिंकला. पिंपळगावच्या चिंचखेड चौफुलीवरून गाडी काढली तर मैदान तीसेक किलोमीटरवर. पण जानेवारीत द्राक्षबागेतून ज्याचा पाय निघत नाही, त्याने काय करायचे? त्याच्या वाट्याला मोबाइलवरचे आकडे आले. त्याच दिवशी मुंबईत रोहित शर्मा रणजी खेळत होता. कॅमेरे तिकडे होते.

कुणी म्हणेल, नाही दिसला एक सामना, म्हणून काय बिघडले? बिघडले. त्याच सामन्यात महाराष्ट्राचा अनुभवी फलंदाज अंकित बावणे नव्हता, आणि तो का नव्हता हे समजून घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेत सेनादलाविरुद्ध त्याला स्लिपमधल्या झेलावर बाद दिले गेले. झेल स्वच्छ नाही, असे त्याचे म्हणणे. तो मैदान सोडायला तयार होईना, खेळ थांबला. सामना टीव्हीवर नव्हता, त्यामुळे डीआरएस नव्हते, त्यामुळे दाद मागायला दार नव्हते. ऋतुराजने त्या झेलाची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकून जाहीर सवाल केला. बावणेवर एका सामन्याची बंदी आली आणि नाशिकच्या सामन्याला त्याला मुकावे लागले. पंचांचा निर्णय न मानणे चूकच, शिक्षाही रास्त. पण एकाच स्पर्धेत एका मैदानावर दाद मागता येते आणि दुसऱ्यावर नाही, हा कुठला न्याय? प्रक्षेपण म्हणजे केवळ करमणूक नव्हे. खेळाडूसाठी तो पुरावा आहे.

आणि कॅमेरे हलत नाहीत असेही नाही. आठवड्याभराने, ३० जानेवारीला, विराट कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध रणजीत उतरला. तो सामना आधी प्रक्षेपणाच्या यादीत नव्हता. ओरड झाली आणि तो यादीत आला. कोहली ६ धावांवर त्रिफळाचीत झाला. तो चेंडू टाकणारा रेल्वेचा हिमांशू सांगवान त्या एका दिवसात देशाला माहीत झाला, कारण चेंडू लोकांना दिसला. नाशिकच्या सत्यजित बच्छावने वर्षानुवर्षे महाराष्ट्राकडून डावखुरी फिरकी टाकली. आपल्या निफाड तालुक्यातल्या किती मुलांनी त्याची गोलंदाजी पाहिली असेल? डावखुरी फिरकी शिकणाऱ्या पोराला परदेशी गोलंदाजाच्या चित्रफिती हव्या तेवढ्या सापडतात, जिल्ह्यातल्या गोलंदाजाच्या नाहीत.

महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली आणि ईगल नाशिक टायटन्स नावाचा संघ आला. २०२४ च्या अंतिम सामन्यात तो रत्नागिरी जेट्सकडून २४ धावांनी हरला. नाव नाशिकचे, मैदान पुण्याजवळचे गहुंजे. ज्या संघाला जिल्ह्यातला प्रेक्षक मैदानावर भेटत नाही, त्याचे घर म्हणजे टीव्हीचा पडदा. म्हणून तो पडदा बंद असता कामा नये.

अमेरिकेत संघांचे स्थानिक हक्क वेगळे विकले जातात आणि त्यांच्यासाठी प्रादेशिक वाहिन्या आहेत. तिथेही सगळे सुरळीत नाही. अशा वाहिन्यांची सर्वांत मोठी कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. पण पुढचे पाहा. सॅन डिएगो पाद्रेसचे सामने दाखवण्याचे काम बेसबॉल लीगने मे अखेरीस स्वतःकडे घेतले. बास्केटबॉलमधला फीनिक्स सन्स हा संघ तर फुकट दिसणाऱ्या स्थानिक वाहिन्यांवर गेला. घेणारा हटला, तर माल परत घरी आणता येतो. आपल्याकडे ती वाटच ठेवलेली नाही.

कायदा आहे, पण त्याचे डोळे दिल्लीकडे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खासगी वाहिन्यांवर बंधनकारक केले. जे सामने जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचे, त्यांना त्यात जागा नाही. मात्र त्याच्या आधी, १९९५ मध्ये, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने क्रिकेटच्याच खटल्यात सांगून ठेवले आहे की, प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मराठी न्यायमूर्तींनी दिलेला तो शब्द मराठी मैदानांना अजून लागू व्हायचा आहे.

रणजीच्या एलिट गटात एका फेरीत १६ सामने एकाच वेळी चालतात. सगळे थाटामाटात दाखवा, असे कुणी म्हणत नाही. तो खर्च मोठा आहे, मान्य. पण तुम्हाला परवडत नाही ते आम्हाला दाखवू द्या. दोन-तीन कॅमेरे, मराठीत बोलणारे दोन जाणकार आणि सह्याद्री वाहिनी किंवा राज्य संघटनेचे यूट्यूब. सुरुवातीला एवढे पुष्कळ आहे. पंचांकडे नेता येईल असे चित्रण त्यातूनच उभे राहील.

करार मार्च २०२८ ला संपतो. नवा लिहिताना एक कलम घाला: जो सामना हक्कदार दाखवणार नाही, त्याचे हक्क सामन्याच्या आठ दिवस आधी यजमान संघटनेकडे विनामूल्य परत. पिंपळगावच्या आवारात ज्या रीतीने रोज हजारो क्विंटल माल हलतो, तीच रीत कागदावर आणायची आहे. बोली लावली, तर माल उचला. उचलायचा नसेल, तर ट्रॉली मोकळी करा.