भाऊजींची हवा

तुमसरात नुसतं 'भाऊजी' म्हटलं की कोणते, असं कुणी विचारत नाही. सासुरवाडी गावातलीच, म्हणून अर्ध्या गावाचे ते हक्काचे भाऊजी; उरलेलं अर्धं गाव त्या अर्ध्याचं ऐकून म्हणायला लागलं. नोकरी राइस मिलमध्ये मुनीमाची. धानातांदळाच्या या पेठेत मुनीमाच्या शब्दाला वजन असतं आणि भाऊजी ते वजन चालण्याबोलण्यात सांभाळून असतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि खाली एक जुनी स्प्लेंडर, जिच्या मागच्या चाकातली हवा उतरते.

कधीपासून उतरते, यावर त्यांच्या घरात एकमत नाही. भाऊजी म्हणतात दिवाळीपासून. कोणती दिवाळी, ते त्यांना कुणी विचारलेलं नाही.

"भाऊजी, टायर खोलतो न जी एकदाचा. कायले रोज रोज हवा मारता?" बसस्टँडजवळच्या पंचरवाल्या पोट्ट्याचा हा रोजचा सवाल.

"पंचर असन तं खोलशील न बापा! पंचर कुठं आहे? पंचर झाली का गाडी जाग्यावर बसते. हे बसून राहिली का? हवा फक्त उतरून राहिली. मार तीस."

पोट्टा तीस मारतो. भाऊजी वाकून अंगठ्याने टायर दाबतात. हवेचा काटा समोर असतो, तो तीस दाखवत असतो, पण भाऊजींचा विश्वास अंगठ्यावर. मग थुंकी लावलेलं बोट व्हॉल्व्हवर ठेवून बुडबुडा येतो का बघतात. येत नाही. येणारही नाही, हवा व्हॉल्व्हमधून जातच नाही. पण बुडबुडा न आल्यामुळे गाडी निर्दोष सुटते आणि भाऊजी विजयी मुद्रेने किक मारतात.

या माणसाला तुमसर परिसराचा भूगोल कॉम्प्रेसरवरून पाठ आहे. भंडाऱ्याला जायचं तर निघताना तीस मारायची, मोहाडी ओलांडेपर्यंत चिंता नाही, वरठीला थांबून पुन्हा भरायची. देव्हाडीला तुमसर रोड स्टेशनवर पाहुण्याला आणायचं असेल तर जाताना नाही भरली तरी चालते, येताना मात्र पाहुण्याचं वजन धरून दोन-तीन जास्त. पाहुणा स्टेशनबाहेर आला की भाऊजी 'प्रवास कसा झाला' असं नंतर विचारतात. आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतात. पाहुण्याला वाटतं, किती आपुलकीने बघून राहिले. सोबत जड बॅग असली तर ती पेट्रोलच्या टाकीवर, भाऊजींच्या पोटापुढे येते. मागच्या चाकाची काळजी दुसरं काय!

हिशेब त्यांचा पक्का आहे, मुनीमच ते. पंपावर हवा फुकट मिळते. पंपाची मशीन बंद असली, जी बरेचदा असते, तर दुकानात पाच-दहा रुपये. पंचर काढायचं तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे हवा भरली की दर वेळी एवढे वाचले. ही वाचलेली रक्कम भाऊजी मनातल्या मनात जमा धरतात. वर्षभर हवेवर किती गेले, हा दुसरा रकाना त्यांच्या वहीत नाही. मिलच्या वहीत असा रकाना सुटला असता तर त्यांनी गुमास्त्याला उभं केलं असतं.

मे महिन्यात भाऊजींची बाजू मजबूत होते. पारा 45 च्या आसपास खेळत असतो, तापलेल्या डांबरावर ट्यूबमधली हवा फुगते आणि दुपारी टायर दगडासारखा लागतो. "पाहा, उन्हाळ्यात आपोआप बरी होते," असं ते चारचौघांत सांगतात. पाऊस पडला, रोवणी सुरू झाली, चिखलाच्या रस्त्याने बांध्यांकडे जाणं आलं की हवा पुन्हा उतरू लागते. मग दोष रोवणीचा.

1888 च्या सुमारास बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या पोराच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचं टायर केलं. त्याआधी चाकांना भरीव रबर असायचं, हाडं खिळखिळी व्हायची, पण हवा उतरायचा प्रश्न नव्हता. डनलॉपने पोराची हाडं वाचवली आणि नकळत भाऊजींच्या पंथाचा पाया घातला. हा पंथ गावोगाव आहे. नळाला चिंधी बांधणारे, पंख्याला काठीने ढोसून सुरू करणारे, खोकल्याला दर दोन तासांनी आल्याचा तुकडा देऊन महिना काढणारे, सगळे त्यातलेच. वस्तू पूर्ण बिघडली तर या लोकांना ती दुरुस्त करावी लागेल. म्हणून ते तिला पूर्ण बिघडू देत नाहीत, आणि सुधारूही देत नाहीत. भाऊजींच्या घरच्या दिवाणाला चौथ्या पायाखाली विटेचा तुकडा आहे. तो तुकडाही ते वर्षातून एकदा बदलतात.

आता खरं सांगायचं तर हवेच्या थांब्यावर भाऊजींचं दुसरंही एक काम होतं. हवा भरायला लागतो एक मिनिट, भाऊजी थांबतात अर्धा तास. 'जय श्रीराम' धानाला आज काय भाव, कोणाच्या मिलमध्ये ओला धान उतरला, डोंगरी बुजुर्गच्या खाणीवर कोणाचा पोरगा लागला, कटंगीकडच्या सोयरिकीचं काय झालं, हे सगळं पंचरच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर ताजं मिळतं. चाक ठणठणीत असतं तर तिथं बसायला निमित्त काय? मला तर शंका आहे की हवा थोडी उतरावी, ही त्यांची अंतर्यामीची इच्छा होती.

पंचरवाल्याने एक गोष्ट मात्र कळकळीने सांगितली होती. "कमी हवेत गाडी चालवता तं ट्यूब रिमवर सरकते जी. एक दिवस नोजल कापून जाईन. मंग पंचरही नाही निघत."

भाऊजी हसले. दुकानदार धंद्याचं बोलणारच.

महाशिवरात्रीला गायमुखची यात्रा असते. भाऊजी आणि बाई (म्हणजे अर्ध्या गावाची बहीण) सकाळीच निघाले. निघताना हवा चौतीस मारली होती. बाईंच्या देखत चौतीस का, हे भाऊजींनी सांगितलं नाही, बाईंना कळल्याशिवाय राहिलं नाही. आंबागडच्या अलीकडे मागचं चाक शेपटी हलवल्यागत डोलायला लागलं. भाऊजी म्हणाले, रस्ता खराब आहे. रस्ता गुळगुळीत होता. आणखी थोडं अंतर त्यांनी रेटलं, आणि मग सूऽऽ असा एक लांब आवाज झाला. गाडी जाग्यावर बसली. म्हणजे भाऊजींच्याच व्याख्येप्रमाणे.

बाई उतरल्या, पदर खोचला, पूजेची थैली काखेत मारली. "मी गाडीवर नाही, तुमच्या अंदाजावर बसली होती जी," एवढंच म्हणाल्या आणि यात्रेकरूंच्या रांगेत पायी चालू लागल्या. मागे वळून पाहिलंही नाही. भाऊजी गाडी ढकलत निघाले. बसलेल्या चाकाची गाडी ढकलणं म्हणजे काय, ते ज्याने ढकलली त्यालाच ठाऊक.

यात्रेच्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली एका पोराने दुकान मांडलं होतं. पायपंप, पाण्याचं घमेलं, कानस, सोल्युशनच्या ट्यूबा, आणि चार नव्या ट्यूब, असल्याच गिऱ्हाइकांसाठी. त्याने चाक काढलं, पट्ट्या घालून टायरची कड उचलली आणि ट्यूब बाहेर ओढली. नोजल बुडाशी कापलेलं. "गेली," तो म्हणाला. "सोल्युशन लावून पाहा न," भाऊजी म्हणाले. पोराने उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही.

मग त्याने जे केलं ते बघण्यासारखं होतं. एक चिंधी घेतली आणि टायरच्या आतल्या अंगाने सावकाश फिरवू लागला. नुसतं बोट फिरवलं तर बोट कापतं, म्हणून चिंधी. एका जागी धागा अडकला. त्याने तिथे नख लावलं, पकडीने चिमटलं, आणि केसाएवढी एक तार बाहेर आली. करंगळीच्या पेराएवढीही लांब नव्हती. ट्रकचं टायर फुटून त्याच्या चिंध्या होतात तेव्हा आतल्या पोलादी जाळीच्या अशा तारा रस्त्यावर पडतात. त्या आत घुसतात आणि भोकाला बुचासारख्या बसतात, म्हणून हवा भसकन जात नाही, हळूहळू उतरते. किती ट्यूबा बदला, तार काढली नाही तर पंचर तिथल्या तिथे.

गंमत अशी की पोलादाला मँगनीज लागतं, आणि तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या खाणीतून ते निघतं. इथलं मँगनीज भट्टीत जावं, पोलाद व्हावं, पोलादाची तार व्हावी, ती ट्रकच्या टायरातून परत तुमसरच्या रस्त्यावर यावी आणि नेमकी भाऊजींच्या चाकात शिरावी. भाऊजींना मी हे सांगितलं तेव्हा ते खुलले. "म्हणजे घरचीच निघाली," म्हणाले.

पोराने आत पावडर भुरभुरवली, नवी ट्यूब बसवली, हवा मारली. जुनी ट्यूब भाऊजींनी मागून घेतली. कॅरिअरला सामान बांधायला कामी येते. तारही कागदाच्या पुडीत बांधून घेतली. ती कशासाठी, ते अजून कळलेलं नाही. गायमुखला पोचले तेव्हा बाईंचं दर्शन होऊन प्रसादही वाटून झाला होता. परतीला बाई भावाच्या ट्रॅक्टरवर बसल्या.

नंतर काही दिवस भाऊजी बाकड्यावर दिसेनात. पंचरवाल्यालाच चुकल्यासारखं झालं. मग एका सकाळी स्प्लेंडर येऊन दुकानासमोर उभी राहिली.

"का भाऊजी, उतरली का?"

"नाही न बापा. उतरून नाही राहिली, म्हनून तं आलो." भाऊजी बाकड्यावर टेकले, पाय लांब केले. "आठवडा झाला, तेच हवा आहे आत. शिळी झाली असन. काढ आन् ताजी मार."

पोट्ट्याने एकदा भाऊजींकडे पाहिलं, एकदा चाकाकडे, आणि व्हॉल्व्हची पिन दाबली. चांगली भरलेली हवा सूंसूं करत बाहेर पडू लागली. भाऊजींनी शेजारच्या माणसाला धानाचा भाव विचारला.

"आन् समोरच्या चाकातली बी काढजो," ते मध्येच वळून म्हणाले. "दोन्हीत एकाच दिवसाची असली का बरं असते."