श्री./श्रीमती खुनी यांस

मुक्काम पोस्ट: कुठलंही टुमदार गाव
(ओढा, चर्च, बेकरी आणि एक लठ्ठ मांजर असलेलं)

सा. न. वि. वि.

'श्री./श्रीमती' असं दोन्ही लिहावं लागतंय, त्याबद्दल राग नसावा. आपण बाई की बाप्या, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळू द्यायचं नाही, हा आपल्याच धंद्याचा दंडक. वाचनालयाच्या प्रतीत एखादा परोपकारी सभासद पहिल्याच पानावर पेन्सिलीने आपलं नाव लिहून ठेवतो खरा, पण त्याच्या भरवशावर पत्र टाकणं बरं नव्हे.

पत्रास कारण की, आपले खून हल्ली फार गोड व्हायला लागले आहेत.

मी कोझी मिस्टरी वाचणारी बाई आहे. ज्यात खून होतो पण रक्त दिसत नाही, पोलीस असतात पण त्यांना काही सुचत नाही, आणि तपास बेकरीवाली, ग्रंथपाल किंवा पेन्शनीतली आजी करते, त्या कादंबऱ्या. डिसेंबर आला की शेजारच्या फळीवरच्या, बर्फ आणि रोषणाईच्या मुखपृष्ठांच्या नाताळकथाही घेते. तेव्हा ही तक्रार नाक मुरडणाऱ्या समीक्षकाची समजू नका. जुन्या गिऱ्हाइकाची आहे.

आधी आपलं कौतुक करते. मारायला माणूस निवडताना आपण अख्ख्या गावाची सोय बघता. तो खाष्ट असतो, लोकांची गुपितं दाबून पैसे उकळत असतो, किंवा जुनी गिरणी पाडून तिथे फ्लॅट बांधणार असतो. तो गेल्याचं कोणालाही वाईट वाटू नये, याची तजवीज आपण पहिल्या तीस पानांतच करून ठेवता. गालिचावर डाग पडू देत नाही. मांजराला तर बोटही लावत नाही. (माणूस मेला तर वाचक पान उलटतो, मांजर मेलं तर लेखकाला पत्र लिहितो, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.) आणि पकडलं गेल्यावर वकील न मागता, पुरावा काय आहे हे न विचारता, सहा पानं भरून कबुली देता. इतका समंजस गुन्हेगार कुठल्या पोलीस ठाण्याच्या नशिबी येतो?

पण जो मेला त्याचं काय?

जोआन फ्लूक यांची 'चॉकलेट चिप कुकी मर्डर' २००० साली आली. मिनेसोटातल्या लेक ईडन गावात दूध पोचवणारा एक माणूस बेकरीच्या मागच्या बाजूला गोळी लागून मेलेला सापडतो आणि भोवती त्याच बेकरीतल्या कुकीज विखुरलेल्या असतात. पुस्तकात त्या कुकीजची कृतीही आहे, मापासकट. त्यामुळे झालं असं की पुस्तक मिटल्यावर माझ्या डोक्यात लोणी आणि साखर राहिली. दूधवाल्यामागे घरी कोण उरलं, ते काही केल्या आठवेना. याच मालिकेत २००९ साली 'प्लम पुडिंग मर्डर' आली. तिच्यात नाताळच्या तोंडावर नाताळचीच झाडं विकणारा मारला जातो. कृती अर्थातच आहेत.

माझ्या नाकाला खटकतो तो हा वास. आमच्याकडे माणूस गेला की घराला सुतक लागतं. शेजारणी पिठलं-भात आणून देतात, गोडधोड होत नाही. तेराव्याला पंगत बसते, नाही असं नाही; पण ती तेराव्या दिवशी. आपल्या गावात सकाळी नऊला प्रेत सापडतं आणि दुपारी चारला बेकरीत नवा कपकेक ठेवून संशयितांची यादी होते. एम. सी. बीटन यांच्या १९९२ च्या पहिल्या ॲगाथा रेझिन कादंबरीत नायिका लंडनहून विकतचं कीश (अंडी-चीजची खारी पाई) आणून गावच्या स्पर्धेत स्वतःचं म्हणून ठेवते आणि ते खाऊन परीक्षक मरतो. खुनाइतकीच पंचाईत कसली होते, तर कीश विकतचं होतं हे उघडं पडल्याची! बीटनबाई निदान हे तिरकसपणे लिहितात. त्यांच्या मागून आलेल्यांनी तिरकसपणा गाळला आणि कीश ठेवलं.

कोणी म्हणेल, बाई, लोक विरंगुळ्यासाठी वाचतात, रडायला बातम्या आहेत. मान्य. दवाखान्यात रात्रभर कोणाच्या उशाशी बसायचं असेल तर मीही हेच पुस्तक पिशवीत टाकते. पण या पुस्तकांनी जिवाला थंडावा का मिळतो, याचा कधी विचार केलात? केकमुळे नव्हे. बाहेरच्या जगात माणसं मरतात आणि फायली बंद होतात. या पुस्तकात एक म्हातारी विणकाम खाली ठेवून विचारते, 'याला कोणी मारलं?' आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसत नाही. मेलेल्याची कोणीतरी दखल घेतं, हा दिलासा आहे. मेलेला कोणाच्याच खिजगणतीत नसेल तर प्रश्न तरी कशाला विचारायचा? सरळ केक खाऊ आणि घरी जाऊ.

आपल्या थोरामोठ्यांना हे कळत होतं. ॲगाथा ख्रिस्तीच्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये, १९५० साली, केक आहेच. ब्रिटनमध्ये साखर-लोणी अजून रेशनवर होतं, त्या दिवसांत वाढदिवसासाठी जपून ठेवलेलं सगळं घालून केलेला, 'डिलिशस डेथ' अशा नावाचा चॉकलेटचा केक. ज्या भोळ्या, विसरभोळ्या, सारखं भलतंच बोलून बसणाऱ्या बाईसाठी तो केला, ती त्या वाढदिवसानंतर मारली जाते. आणि तिला मारणाऱ्याचा तिच्यावर खराखुरा जीव असतो. नाव सांगत नाही. पण हा खुनी शेवटी तिच्या आठवणीनेच कोसळतो. म्हणजे केक होता, चहा होता, पाद्र्याच्या घरची मंडळी होती, आणि तरीही घास घशात अडकतो. डोरोथी सेयर्स यांच्या 'बसमन्स हनीमून'च्या (१९३७) शेवटी तर गुन्हेगाराला पकडून देणारा लॉर्ड पीटर विम्झीच फाशीच्या पहाटे बायकोपाशी ढसाढसा रडतो. तेव्हा पकडलं जाणं म्हणजे फास होता. ब्रिटनमध्ये खुनाची फाशी थांबली ती १९६५ साली. चहाच्या कपात आपण काय कालवतो आहोत, हे आपल्या पूर्वजांना कळत होतं.

विद्याही उतरली आपली. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तोलायला होत्या. १९२० च्या पहिल्याच कादंबरीत त्यांनी स्ट्रिक्निन असं वापरलं की औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकाने पाठ थोपटली. १९६१ च्या 'द पेल हॉर्स'मध्ये थॅलियमची लक्षणं इतकी बिनचूक होती की १९७७ साली लंडनच्या एका इस्पितळात कतारहून आणलेलं, निदान न होणारं तान्हं मूल पाहून एका परिचारिकेला ते पुस्तक आठवलं, तपासणी झाली आणि मूल वाचलं. खुनाच्या कादंबरीने जीव वाचवला! आपण लाटणं घालता डोक्यात.

आता फळी बदलते, कारण तिथेही आपले नातलग आहेत. नाताळकथेत खून नसतो, पण आरोपी असतो. शहरातला होणारा नवरा. नायिका आत्याची वारसाहक्काने आलेली बेकरी विकायला गावी येते, चेक्सचा शर्ट घातलेला सुतार भेटतो, बर्फ पडतो, आणि सूट घातलेला हा बिचारा दोषी ठरतो. त्याचा गुन्हा काय? त्याला नोकरी आहे. तो फोन उचलतो. बेकरीचा जमाखर्च बघू या, असं एकदा म्हणतो. (तो जमाखर्च कोणीच बघत नाही. दोनशे वस्तीच्या गावात दिवसाला चाळीस जिंजरब्रेडवर दुकान कसं चालतं, याचा तपास एकाही आजीने अजून केलेला नाही.)

आणि बिल्डर! हा माणूस दोन्ही फळ्यांवर आहे, हे ध्यानात आलं का आपल्या? जुनी खानावळ पाडायला तो ऑक्टोबरात आला तर आपण त्याला मारता. डिसेंबरात आला तर तो सुधारतो, कॅरोल म्हणतो आणि खानावळीच्या मालकिणीशी लग्न करतो. महिन्यावरच सगळं. आमच्याकडे बिल्डरला कोणी मारत नाही आणि तो सुधारतही नाही. सोसायटीची सभा होते, चहा होतो, पुढची तारीख पडते.

पडद्यावर तर या दोन्ही फळ्यांचा माल एकाच घरातून येतो, यात नवल नाही. हॉलमार्क ही मूळची शुभेच्छापत्रांची कंपनी, १९१० साली कॅन्सस सिटीत निघालेली. तिच्या वाहिनीवर २००९ पासून 'काउंटडाउन टू ख्रिसमस' चालू आहे आणि धाकट्या वाहिनीवर आपले सौम्य खून. पुष्कळशा नाताळपटांचं चित्रीकरण कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात, भर उन्हाळ्यात खोटा बर्फ पसरून होतं. लोकरी कोटात घामाघूम झालेली नायिका थंडीने कुडकुडते, तिच्या त्या मेहनतीला मात्र माझा नमस्कार.

सणाला वाचायला काहीतरी हवं, ही भूक मी समजू शकते. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाबरोबर कथा लागतात आम्हाला, आणि 'धनंजय' तर ऐन दिवाळीत गूढ आणि रहस्यच वाढतो. पण नाताळकथेचा मूळपुरुष बघा. डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' १९ डिसेंबर १८४३ ला आलं आणि पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत उडाल्या. मन हलकं करणारंच पुस्तक. पण त्यात एका भुताच्या झग्याखालून अज्ञान आणि दैन्य अशी दोन उपाशी पोरं बाहेर येतात. ते पुस्तक लिहिलं त्याच वर्षी डिकन्स कामाला जुंपलेल्या मुलांवरचा सरकारी अहवाल वाचून हादरला होता. आजच्या नाताळकथेतलं सर्वांत मोठं संकट म्हणजे झाडावरची रोषणाई पेटत नाही.

तक्रार करणारी मी काही पहिली नव्हे. ख्रिस्तीबाईंच्या मेहुण्याने एकदा कुरकुर केली होती की तुझे खून फार नाजूक व्हायला लागलेत, जरा रक्ताळलेला दांडगा खून होऊ दे. बाईंनी त्याच्यासाठी १९३८ साली 'हर्क्युल प्वारोज ख्रिसमस' लिहिली आणि अर्पणपत्रिकेत त्याची तक्रारही छापली. ऐन नाताळात आतून बंद खोलीत गळा चिरलेला म्हातारा आणि सगळीकडे रक्तच रक्त. वर त्या घरात जमलेल्या प्रत्येक मुलाला बापाबद्दल काही ना काही वाटत होतं. एकाला द्वेष, एकाला लाचार माया. एक तरी उदासीन होता का?

मला रक्त नको. माझी मागणी त्या मेहुण्याहून लहान आहे. पुढच्या खेपेला एखाद्या बऱ्या माणसाला मारा. ज्याचं पोस्टात बचत खातं आहे, ज्याच्याकडे शेजाऱ्याची शिडी उसनी आहे, गुरुवारी जो कोणाला तरी डॉक्टरकडे घेऊन जाणार होता. तो गेल्यावर बेकरी एक दिवस बंद राहू द्या. धंद्याचं नुकसान तसंही कोणी मोजत नाही. एखाद्या बाईला नीट, नाक पुसत, कुरूप रडू द्या. दहा पानं पुरतील. मग खुशाल तपास सुरू करा. मी पहाटे दोनपर्यंत जागी राहीन आणि आपण सापडलात की मनापासून आनंद होईल. सध्या आपण सापडता तेव्हा मला पुढची कृती बघायची घाई असते.

कळावे, लोभ असू द्यावा (मारेकऱ्याला हे लिहिताना हात जरा कापतो).

आपली,
एक वर्गणीदार वाचक

ता. क. तो शहरातला होणारा नवरा या नाताळात आपल्याच गावी यायचा आहे असं कळतं. त्याचं लग्न मोडेल तेव्हा रागाच्या भरात धमकी वगैरे देईल आणि दुसऱ्या दिवशी संशय त्याच्यावर टाकायचा मोह आपल्याला होईल. कृपा करून टाकू नका. त्याला रात्रीच्या गाडीत बसवून द्या. सोमवारी ऑफिस आहे त्याला.