संसारी माणसाची ब्रेव्हे

दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या सायकल राइडसाठी, पॅरिसचा ऑडॅक्स क्लब साडेतेरा तास देतो, सहाशेसाठी 40. घरची मुदत याहून कडक: शाळेची रिक्षा येण्याआधी परत. म्हणून संसारी पुणेकर सिंहगडाचा पायथा अंधारातच गाठतो. गजर मनगटावर थरथरता, कारण बाळ उठले की राइड दारातच संपते. सरावाचे हे तास बायकोच्या झोपेतून येतात आणि त्यांची नोंद स्ट्राव्हा या राइड मोजणाऱ्या अ‍ॅपवर होत नाही. बाईने सायकल काढायची म्हटली, तर आधी डबे, मग सासूबाईंचा चहा, मग ऊन. मुलाला मागे बसवून न्यावे, असेही सुचवले जाते. पण कार्बनच्या रेसिंग सायकलला सहसा कॅरिअर बसत नाही, आणि हे खरेदीच्या वेळीच नीट विचारून घेतलेले असते.