पांढऱ्या पोर्टावरचे आजोबा

सगळं छान चाललं होतं. 2012 साली जुळवून घेतलेल्या माझ्या डेस्कटॉपला गेल्या दिवाळीत एसएसडी बसवली आणि काय सांगू! पूर्वी संगणक चालू करून मी चहाला आधण ठेवायचो, चहा पिऊन कप विसळायचो, तेव्हा कुठे पडद्यावर चिन्हं उमटायची. आता आल्याचा तुकडा हातात येईपर्यंत स्वारी तयार. महिनाभर मी सुखात होतो. मग एका रविवारी मला वेग मोजायची दुर्बुद्धी झाली.

क्रिस्टलडिस्कमार्क नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते ड्राइव्हची नाडी बघतं आणि आकडे मांडतं. खोक्यावर छापलं होतं, सेकंदाला 550 मेगाबाइट. माझ्याकडे आले 272. झालं! सकाळपर्यंत विजेसारखा वाटणारा संगणक जेवणानंतर मला चक्क रेंगाळताना दिसू लागला. ब्लडप्रेशर मोजेपर्यंत माणूस ठणठणीत असतो, तशातली गत.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “काका, विंडोज उघडतंय ना? मग?” त्याचं म्हणणं मला आज पटतं. त्या दिवशी अपमान वाटला होता.

म्हणून भाच्याला गाठलं. त्याने फोनवरूनच तपासणी सुरू केली. “मामा, ड्राइव्ह किती भरलीय?” निम्मीसुद्धा नव्हती. “बायोसमध्ये आयडीई आहे की एएचसीआय?” एएचसीआय. “ट्रिम चालू आहे का बघ.” त्यासाठी काळ्या खिडकीत एक आज्ञा टंकावी लागते. उत्तर आलं, शून्य. माझ्या पोटात गोळा. “शून्य म्हणजे चालू,” भाचा म्हणाला. ‘कळवणं बंद आहे का?’ असा तो प्रश्न असतो म्हणे, आणि शून्य म्हणजे ‘नाही’. प्रश्न तिरका आणि उत्तर त्याहून तिरकं. हे कुणी रचलं असेल ते असो, आमच्या सोसायटीच्या सभेत तो शोभला असता.

ट्रिमची भानगड मात्र मजेशीर आहे. एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत लिहायचं ते पानापानाने, पण पुसायचं झालं तर पानांचा अख्खा गठ्ठाच पुसावा लागतो. फ्लॅश हे नावही त्यावरूनच पडलं. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात ही मेमरी शोधली, तेव्हा ते एका झटक्यात पुसणं बघून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. आता आपण फाइल उडवली, तरी ती पानं रिकामी झाल्याचं ड्राइव्हला आपोआप कळत नाही. कुणीतरी जाऊन सांगावं लागतं. हा निरोप म्हणजे ट्रिम. निरोप पोचला नाही, तर भाडेकरू कधीच सोडून गेलेत आणि मालक अजून त्यांचं सामान इकडून तिकडे हलवतोय, असा प्रकार होतो आणि लिहिण्याचा वेग बसतो.

पण आमचे निरोप पोचत होते. शेवटी भाचा म्हणाला, “272 म्हणजे जवळजवळ निम्मं. मामा, केबल कुठल्या पोर्टाला लावलीय?”

सहा गिगाबिटांचा साटा पोर्ट म्हणतात, त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला जास्तीत जास्त 600 मेगाबाइट जातात; दर दहा बिटांमागे दोन बिटं हमालीत खर्च होतात. जुना पोर्ट तीन गिगाबिटांचा, म्हणजे 300. त्याच्या आतच माझे 272.

कॅबिनेटचे दोन स्क्रू काढले. आत तेरा वर्षांची धूळ होती. ती पुसल्यावर सहा पोर्ट दिसले: चार निळे, दोन पांढरे. वेगवान ते पांढरे. एसएसडी बिचारी निळ्यावर. आणि पांढऱ्यांवर कोण? एकावर जुनी हार्डडिस्क, जी जीव तोडून धावली तरी सेकंदाला सव्वाशेच्या पुढे जात नाही. दुसऱ्यावर डीव्हीडी रायटर! सोळापट वेगाने फिरला तरी सेकंदाला 22 मेगाबाइट, आणि गेली कित्येक वर्षं तोही फिरलेला नाही. 2012 मध्ये हे दोघे पंगतीला पहिले आले, पुढच्या पाटांवर बसले, आणि त्यांना उठवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मी केबलींची अदलाबदल केली आणि पुन्हा मोजलं. 541! भाच्याला फोटो पाठवला, दुकानदारालाही पाठवला. मग घड्याळ लावून संगणक चालू केला. अदलाबदलीआधी 24 सेकंद लागत होते. आता 23.

पुन्हा त्या आकड्यांकडे नीट पाहिलं. 541 ही वरची ओळ, मोठी फाइल सलग वाचण्याची. खालच्या ओळीत बारक्या, विखुरलेल्या तुकड्यांचा वेग असतो, आणि विंडोज उघडताना, पत्र लिहिताना कामाला येतो तो मुख्यतः तोच. तिथे आधी 27 होते, आता 28. खोक्यावर अर्थातच वरची ओळ छापतात.

डीव्हीडी रायटर आता निळ्या पोर्टावर आहे. त्याची काही तक्रार नाही.