दुतोंड्या

पावसाळ्यात नाशिककर धरणातून किती क्युसेक सोडलं हे पेपरात वाचतो, पण त्याला कळतं ते वेगळ्याच भाषेत. तो विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे आमचं पुराचं माप. पाणी गुडघ्याला असेल तर लोक पोरांना घेऊन बघायला जातात. कमरेच्या वर चढलं की काठचे दुकानदार माल हलवायला लागतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो डोक्यासकट बुडाला, तेव्हा मापच संपलं.

ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. किती चढलंय हे कोणी नदीला विचारत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं नदीलाच विचारतो. "तुम्हाला गाता येतं का हो?" आणि नदी सांगते, "तसा गळा बरा आहे, रियाज नाही एवढंच."

गेल्या डिसेंबरात आम्ही अंजनेरीला गेलो. बेत माझा. रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या मारणारा माणूस सह्याद्रीकडे जरा मालकीहक्कानेच बघतो. बायकोने आदल्या रात्रीच सांगून ठेवलं, "अहो, माझ्या गुडघ्यांचं काही खरं नाही. मी मध्येच कुठेतरी बसेन, तुम्ही व्हा पुढे." मी उदारपणे म्हटलं, "सावकाश ये. मी वर थांबतो."

पायऱ्या सुरू झाल्या आणि मला एकाएकी निसर्गाची ओढ लागली. दर वीस पायऱ्यांनी थांबून मी दरी न्याहाळत होतो. वाटेतल्या जैन लेण्यापाशी तर शिल्पकलेत इतका रस उत्पन्न झाला की खालीच बसलो. बायको "येते हं" म्हणाली ती पठारावर अंजनीमातेचं दर्शन घेऊन, तळ्याकाठी जरा टेकून परतसुद्धा आली. मधल्या वेळात माझ्या हातातलं केळं एका माकडाने नेलं होतं. हनुमानाच्या जन्मस्थानी त्याची तक्रार करायची कोणाकडे?

(जन्मस्थान हेच, असं आम्ही म्हणतो. हंपीकडचे आणि तिरुपतीचे लोक तितक्याच ठामपणे वेगळं म्हणतात. 2022 च्या मे अखेरीस नाशिकरोडला यावर शास्त्रार्थ भरला होता. तो मूळ मुद्द्यावर येण्याआधीच कोणी कोणत्या आसनावर बसायचं, यावरून हमरीतुमरीवर आला.)

पायऱ्यांच्या कडेला एक मावशी लिंबूसरबत विकत होत्या. पाण्याचे कॅन, लिंबं, ग्लास, साखर, सगळं रोज सकाळी डोक्यावर घेऊन वर यायचं आणि संध्याकाळी खाली. मी विचारलं, "मावशी, दम नाही लागत?"

"त्यात काय, रोजचंच हाय."

"फार काटक आहात तुम्ही."

"मी कसली काटक? आमची सासू बघाया पायजे होती."

सरबताचा ग्लास हातात असताना मला पिट्सबर्गचा एक दरोडेखोर आठवला. 1995 साली मॅकआर्थर व्हीलर नावाच्या या गृहस्थाने भरदिवसा दोन बँका लुटल्या, तोंडाला लिंबाचा रस चोपडून. लिंबाच्या रसाने लिहिलेलं कागदावर दिसत नाही, तेव्हा आपलं थोबाड कॅमेऱ्यात दिसणार नाही, असा त्याचा हिशोब होता. पोलिसांनी चित्रफीत दाखवली तर तोच चकित झाला. या लिंबूप्रकरणापासून सुरुवात करून कॉर्नेल विद्यापीठाच्या जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांनी 1999 मध्ये एक निबंध लिहिला. विद्यार्थ्यांना तर्काच्या, व्याकरणाच्या चाचण्या दिल्या आणि विचारलं, शंभरांत तुम्ही किती जणांच्या पुढे असाल? तळाचे पाव विद्यार्थी सरासरीने जेमतेम बारा जणांच्या पुढे होते. त्यांचा स्वतःचा अंदाज होता बासष्ट.

कारण सरळ आहे. शुद्ध लिहायला जे ज्ञान लागतं, तेच अशुद्ध ओळखायलाही लागतं. ज्याच्याकडे ते नाही त्याची चूकही होते आणि चूक दिसतही नाही. पुढे संख्याशास्त्रवाल्यांनी यातला काही भाग निव्वळ आकड्यांचा खेळ असल्याचा आक्षेप घेतला, तो घ्यावाच. मला लागलं ते वेगळंच. त्या निबंधातली पहिली चाचणी विनोद ओळखण्याची होती. तो भाग मी घाईघाईने वाचला.

वरच्या पाव विद्यार्थ्यांची गंमत उलटी. ते आपला क्रमांक खरा होता त्याहून खाली धरत होते. आपल्याला सोपं गेलं म्हणजे सगळ्यांनाच गेलं असणार, ही त्यांची समजूत. दुसऱ्यांचे पेपर तपासायला दिले तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले. तळाच्यांना दिले, तर त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

आमच्या मारुतीच्या चरित्रात हे दोन्ही आहे. बाळपणी त्याने उगवता सूर्य पाहिला, तो फळ वाटला, मारली उडी. इंद्राचं वज्र हनुवटीवर बसलं. लांबून सगळंच फळ दिसतं: गझल, शेअर बाजार, पुरणपोळी लाटणं, ट्रॅफिक पोलिसाची नोकरी. जवळ गेल्यावर चटका बसतो. आणि हाच मारुती पुढे समुद्रकाठी वानरांच्या घोळक्यात गप्प बसून राहिला. ऋषींच्या शापाने आपली शक्ती विसरला होता. जांबवंताने सांगितलं, तेव्हा उठला.

जांबवंत नशिबाने भेटतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी भागात विहिरी खोदायचं काम करायचा. पाण्याची भीती. सैन्यात गेला, तिथे त्याची उंची बघून प्रशिक्षकांनी त्याला होडीत बसवलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्ही मारत तो तेरावा आला. तळेगावात बसून त्याला कोणी विचारलं असतं, नौकानयन जमेल का, तर त्याने काय उत्तर दिलं असतं?

त्या मावशींना मात्र अजून कोणी भेटलेलं नाही. एकाशी माझ्यादेखत गाठ पडली, पण त्याने सरबताचे पैसे देऊन घरचा रस्ता धरला.

आता बायकोने हरिहर गडाचं मनावर घेतलंय. तिथल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, चढताना खोबणीत बोटं रुतवावी लागतात. "मला जमेल असं वाटत नाही," असं रोज म्हणते, आणि परवा बूट घेऊन आली. मी सांगून टाकलंय, तू हो पुढे. मी पायथ्याला निरगुडपाड्यात चहा पीत बसेन. तेवढं मला जमतं.