नामंजूर, सबब कागदपत्रे अपुरी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचा गाडा आहे. तिथल्या उजव्या बाकड्यावर क्रिकेट चालतं आणि डाव्या बाकड्यावर देशाची अंतर्गत सुरक्षा. सुरक्षेचं खातं अण्णांकडे. अण्णा अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण शेरा मारायची खोड काही गेली नाही. लग्नपत्रिका आली तरी कोपऱ्यात ‘पाहिली’ असं लिहून खाली सही ठोकतात.

अण्णांची दोन मतं पक्की आहेत. पहिलं, कोल्हापूरसारखं दिलदार गाव जगात नाही, आणि याचा पुरावा म्हणजे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या पाचेक हजार पोलिश बायकामुलांना 1943 ते 1948 या काळात आपल्या वळिवड्यानं आसरा दिला. 2019 मध्ये त्या छावणीत वाढलेली काही म्हातारी मंडळी कोल्हापूर बघायला परत आली, तेव्हा अण्णा आठवडाभर इस्त्रीचा सदरा घालून हिंडत होते. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकापुढे नतमस्तक झाले, त्या दिवशी तर अण्णांनी स्वतःच्या पैशानं अख्ख्या गाड्याला चहा पाजला. “वॉर्सात कोल्हापूर हाय! पुण्याचं हाय काय कुठं?”

दुसरं मत असं, की निर्वासित म्हटला की अतिरेकी आलाच. सबब दार उघडायचंच नाही.

ही दोन मतं अण्णांच्या डोक्यात एका वाड्यातल्या भांडलेल्या भावांसारखी राहतात. छप्पर एक, येण्याजाण्याची दारं वेगळी. गेल्या आठवड्यात मी आगाऊपणा केला. वळिवड्याच्या पोलिश लोकांची सगळी हकिगत फुलस्केपवर उतरवली, देशाचं आणि गावाचं नाव तेवढं गाळलं आणि कागद अण्णांपुढे ठेवला. म्हटलं, अण्णा, असं एक प्रकरण आलंय. तुमच्याकडे मंजुरीला आलं असतं तर काय केलं असतं?

अण्णांनी चष्मा पुसला, तांबडं पेन काढलं. बऱ्याच दिवसांनी माणूस खुर्चीत बसल्यासारखा बाकड्यावर बसला.

“ओळखीचे कागद?”

म्हटलं, बहुतेकांकडे नाहीत. 1940 च्या थंडीत गुप्त पोलिसांनी अपरात्री दार ठोठावून उठवलं आणि मालगाडीत घालून सैबेरियाकडे धाडलं.

“हे समदेच सांगत्यात.” पहिली तांबडी खूण पडली. “आले कुठनं?”

सोव्हिएत रशियातनं सुटले, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या बंदरावर उतरले. तिथनं तेहरान, इस्फहान असं करत कराची, आणि कराचीहून रेल्वेनं इकडे.

अण्णा उभेच राहिले. “रशिया, इराण आन् कराची! अरं एक तरी बरं नाव घे की लेका!” कराचीखाली दोन रेघा आल्या. कागद जरा फाटलाच.

“बाप्ये कुठं हायत?”

सैन्यात. म्हणजे आपल्या देशाबाहेर उभी राहिलेली फौज आहे, परमुलखात कवायत करते.

“बघ. पोरंबाळं हिकडं आन् बाप बंदूक घिऊन तिकडं. ठरवून हाय हे.”

प्रकृतीच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं होतं. इराणच्या बंदरावर उतरले तेव्हा उवा आणि टायफसनं माणसं किडामुंगीसारखी मरत होती. वाळूवरच कपडे जाळले, बायकांचीसुद्धा डोकी भादरली, रोगी एकीकडे आणि धडधाकट एकीकडे असे तळ केले. अण्णांनी नाकाला रुमाल लावून ‘रोगराई’ असं लिहिलं. खर्च कोण करतंय, हा पुढचा प्रश्न. म्हटलं, लंडनमध्ये बसलेलं त्यांचं परागंदा सरकार. ‘परकीय निधी’ हे दोन शब्द अण्णांनी इतक्या वळणदार अक्षरात लिहिले की बघत राहावं. वस्तीत आपली शाळा, आपलं प्रार्थनास्थळ आणि गणवेश घालून शिस्तीत चालणारी बालवीरांची पथकं आहेत, हे वाचल्यावर तर त्यांनी पेनच खाली ठेवलं. “याला छावणी म्हणत न्हाईत. याला प्रशिक्षण शिबिर म्हणत्यात.”

मग शेरा आला: ‘नामंजूर. सबब कागदपत्रे अपुरी, मार्ग संशयास्पद, निधी परकीय. मुले सज्ञान झाल्यावर धोका संभवतो. प्रकरण दप्तरी दाखल.’ खाली सही आणि तारीख.

मी सांगितलं, अण्णा, हे वळिवडे.

अर्धा कप होईपर्यंत अण्णा बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस विरघळला. पण चाळीस वर्षं फायलींवर वाढलेला माणूस असा चहात विरघळत नसतो. कप खाली ठेवून ते माझ्यावरच उखडले. “तसं हुतं तर आधी सांगायचं न्हाईस व्हय? कव्हरावर नावच न्हाई, मग शेरा कसा मारायचा मानसानं?”

मी बघतच राहिलो. जगभरातल्या छाननीचं सगळं शास्त्र या माणसानं एका वाक्यात सांगितलं होतं. आधी कव्हरावरचं नाव बघायचं, धोका किती ते नंतर त्या मापानं शिवून घ्यायचं. वर मी विचारलंच, नातीच्या लग्नाचा बस्ता कुठे बांधलात? “गांधीनगरात. थोकात स्वस्त पडतंय.” पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेवर फाळणीतून आलेले सिंधी बसवले, त्याचं गांधीनगर झालं. अण्णा, त्यांच्या आजोबांच्या मार्गात कराची असणारच की हो. अण्णा म्हणाले, कापड मात्र एक नंबर असतं.

अण्णांना हसणं सोपं आहे, पण खुद्द पोलंडचं वेगळं काय आहे? 2015 मध्ये सीरियातून लोंढे आले तेव्हा युरोपनं वाटण्या केल्या. आधीच्या सरकारनं पोलंडच्या वाट्याचे काही हजार घेऊ म्हणून मान डोलावली होती, नव्या सरकारनं एकही घेतला नाही. या नव्या सरकारच्या पक्षाचे पुढारी कचिन्स्की यांनी तर प्रचारात सांगितलं, की हे लोक तऱ्हेतऱ्हेचे परजीवी जंतू घेऊन येतील. इराणच्या वाळूत ज्यांच्या आज्यांची डोकी भादरली, त्या देशाचा पुढारी हे बोलत होता. मार्च 2016 मध्ये ब्रसेल्सला स्फोट झाल्यावर सुरक्षेचं कारण आयतंच मिळालं. 2020 मध्ये युरोपच्या न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं, पण तोवर योजनाच संपली होती.

पुढची गंमत अण्णांना फार आवडली. सप्टेंबर 2021 मध्ये बेलारूसच्या सीमेवरून आत शिरणाऱ्यांच्या फोनमध्ये काय सापडलं, ते दाखवायला पोलंडच्या दोन मंत्र्यांनी पत्रकार परिषद घेतली. पडद्यावर जनावराबरोबरच्या अश्लील चाळ्यांचं एक चित्र झळकवलं, सरकारी वाहिनीनं ते घराघरांत पोचवलं. मागाहून कळलं, ते कुणा निर्वासितानं काढलेलं नव्हतंच. कित्येक वर्षं इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या चित्रफितीतलं होतं. आपल्याकडचे व्हॉट्सॲपवाले काका मंत्री झाले तर याहून वेगळं काय करतील?

पण त्याच पोलंडनं 2022 मध्ये युक्रेनच्या लाखो लोकांना घरात घेतलं. पोलिश आयांनी रेल्वेच्या फलाटावर अनोळखी बाळांसाठी आपल्या बाबागाड्या आणून ठेवल्या. ते नाटक नव्हतं, ती माणुसकीच होती. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये बेलारूसच्या हद्दीवर 186 किलोमीटर लांब, साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत पुरी झाली. बेलारूसच्या लुकाशेन्कोनं माणसं मुद्दाम सीमेवर ढकलली होती, हेही खोटं नाही. पण जंगलात गारठून मेला तो काही लुकाशेन्को नव्हता.

“आन् पॅरिस?” अण्णा म्हणाले. प्रश्न रास्त आहे, त्याला टिंगलीनं उत्तर देऊ नये. 13 नोव्हेंबर 2015 ला पॅरिसमध्ये 130 माणसं मारली गेली. स्टेडियमजवळ स्वतःला उडवणाऱ्यांपैकी दोघं महिनाभर आधी ग्रीसच्या लेरॉस बेटावर निर्वासितांच्या गर्दीतून, खोटे सीरियन पासपोर्ट घेऊन उतरले होते. म्हणजे चाळणीला भोक होतं. “बघ!” अण्णा म्हणाले. बघितलं, अण्णा. पण त्या कटातले बहुतेक जण फ्रान्स-बेल्जियममध्येच जन्मलेले, वाढलेले. त्यांना सीमेवर कुठल्या रकान्यात अडवणार होतात? आणि एक मजा सांगतो. त्या दोघांचे कागद दिसायला चोख होते. अडचण कागद नसण्याची नव्हती, असण्याची होती.

आपल्याकडे तर चाळणीच नाही. 1951 च्या निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही, निर्वासितांसाठी कायदाही नाही. त्यामुळे कव्हर बघूनच काम चालतं. 2017 मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की चाळीसेक हजार रोहिंग्या देशाच्या सुरक्षेला धोका आहेत. मग 17 ऑगस्ट 2022 च्या सकाळी केंद्रीय मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी ट्वीट केलं, की दिल्लीतल्या रोहिंग्यांना बक्करवाल्याच्या सदनिकांमध्ये हलवू, सोयी देऊ, पोलिसांचा चोवीस तास पहारा देऊ. दुपारपर्यंत गृहमंत्रालयानं खुलासा केला, की असं काही ठरलेलंच नाही. सकाळी फ्लॅट, दुपारी घुसखोर. म्हाडाच्या सोडतीतसुद्धा माणसाचं नशीब इतक्या झटपट फिरत नाही.

अण्णांना मग मी तमिळनाडूचं सांगितलं. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. मारेकरी श्रीलंकेतल्या वाघांच्या संघटनेचे, आणि तेव्हा श्रीलंकेहून आलेले हजारो तमिळ निर्वासित त्याच राज्यात होते. देशाचा माजी पंतप्रधान गेला, याहून मोठं कारण दार लावायला कुठलं हवं? संतापही होता, अनेकांना परत पाठवलंही. पण छावण्या उठल्या नाहीत. पोलिसांच्या क्यू शाखेनं नजर ठेवली, संशयितांना वेगळ्या छावण्यांत टाकलं (त्यातले काही निव्वळ संशयावर कुजले, तेही खरंच), आणि बाकीच्यांची हजेरी, रेशन, महिन्याची रोख मदत चालू राहिली. आज शंभराहून जास्त छावण्या आहेत. तिसरी पिढी तिथेच जन्मली, अजून नागरिक नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीतही त्यांचं नाव नाही. 2021 मध्ये राज्यानं ‘निर्वासित छावणी’ हे नाव बदलून ‘पुनर्वसन छावणी’ केलं. पण कुणी समुद्रात ढकलून दिलं नाही.

अण्णांचे डोळे चमकले ते माणुसकीनं नव्हेत. “हजेरी कोन घेतं? मस्टर हाय? महिन्यातनं किती येळा?” मी म्हटलं, अण्णा, हे खरं सुरक्षेचं काम, आणि ते बाकड्यावर होत नाही. मुलाखती, नोंदी, मस्टर, जुळणी. तुमच्यासारख्या शे-दोनशे अव्वल कारकुनांचं हे काम आहे. अण्णा खूष झाले. निर्वासितांचा विषय त्यांना पहिल्यांदाच आवडला. मस्टरचे रकाने कसे आखायचे, हे ते जाईपर्यंत सांगत होते.

परवा नोव्हेंबरचा पहिला आठवडा. अण्णांना घेऊन हयातीच्या दाखल्याला गेलो. पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. काउंटरवरच्या मुलीनं यंत्र पुढे सरकवलं. अण्णांनी अंगठा ठेवला. यंत्र लाल झालं. अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मग तर्जनी, मग डावा हात. मुलगी म्हणाली, आधारवर तुमचं नाव वेगळं लागलंय, पासबुकात वेगळं.

“अगं, मी हितं उभा हाय की.”

“ते दिसतंय आजोबा. पण ओळख पटत नाही ना. मूळ कागद घेऊन सोमवारी या.”

अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या लाल दिव्याकडे, आणि अंगठ्यावर फुंकर मारली.