टाहोकाठचा वाटाड्या

कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेव्हाडा पर्वतात सुमारे १,८९७ मीटर उंचीवर असलेल्या लेक टाहो या सरोवराकाठी उन्हाळ्यात जी मराठी मंडळी सायकली घेऊन जमतात, त्यांच्यात एक गृहस्थ असा हमखास आढळतो, की कोणी कोणत्या वाटेने जावे हे ठरविण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो आणि तो काढून घेण्याची कोणाची छातीही होत नाही. या सामाजिक प्रकारास येथे सोयीसाठी वाटाड्या म्हटले आहे. तो बहुधा फ्रीमाँट, सनीव्हेल किंवा सॅन रमोन येथे राहतो, संगणक क्षेत्रात नोकरी करतो, चाळिशी ओलांडलेला असतो आणि सायकलीची किंमत म्हणून पत्नीस जी रक्कम सांगतो, ती वस्तुतः केवळ पुढच्या फोर्कची असते.

त्याच्या अधिकाराचे मूळ पुण्यात सापडते. वडिलांच्या उंच सायकलीच्या नळीखालून पाय घालून तो सायकल शिकला, पुढे मित्राला डबलसीट घेऊन क्लासला गेला आणि एका रविवारी सिंहगडाचा घाट चढून आला. या शेवटच्या घटनेवर त्याची पुढील सारी कारकीर्द उभी आहे, कारण सिंहगड चढलेल्याला टाहोचे काय, हा त्याचा सिद्धान्त आहे. सिंहगडाला डांबरी रस्ता आहे आणि टाहोभोवतीच्या बऱ्याच वाटा सिंगलट्रॅक, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशा मातीच्या पाऊलवाटा आहेत, हा फरक त्याला मान्य असला तरी महत्त्वाचा वाटत नाही. डोंगरी सायकलिंगचा इतिहास मात्र त्याला तोंडपाठ असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जड सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडत. १९७६मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीत मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, त्यावरून शर्यतीचे नावच रीपॅक पडले. ही कथा तो गाडीने व्हॅकाव्हिल ओलांडताच सांगू लागतो आणि सॅक्रमेंटो आले तरी ग्रीस जळतच असते.

वाटांच्या वर्गीकरणाची पद्धत वाटाड्याने शोधून काढलेली नाही, हे नमूद करणे अवश्य आहे, कारण त्याच्या बोलण्यावरून तसा समज होऊ शकतो. स्कीइंगच्या उतारांसाठी रूढ असलेली चिन्हे इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या संस्थेने सायकलींच्या वाटांना लावली, ती अशी, की पांढरे वर्तुळ म्हणजे सर्वांत सोपी वाट, हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा, म्हणजे कोनावर उभा केलेला काळा चौकोन, म्हणजे अवघड, आणि असे दोन हिरे शेजारी दिसले तर अत्यंत अवघड. निकष मोजता येतील असे आहेत. हिरव्या वाटेची रुंदी किमान ३६ इंच आणि सरासरी चढ शेकडा ५पर्यंत असावा लागतो, निळीला २४ इंच पुरतात, काळीला १२. मात्र या चिन्हांवरून वाटेचा तांत्रिक अवघडपणा तेवढा कळतो. दिवसभरात एकूण किती चढावे लागेल आणि बाजूची दरी पाहून पोटात गोळा येईल किंवा नाही, हे त्यांत अभिप्रेत नाही. कसब, दम आणि धीर या तीन निराळ्या गोष्टी असून त्या एका माणसात सारख्या प्रमाणात क्वचितच नांदतात. वाटाड्या त्या तिन्हींची बेरीज करतो आणि उत्तरात एक रंग काढतो.

त्यासाठी तो आधी एक तक्ता फिरवतो, ज्यात प्रत्येकाने आपली पातळी स्वतः लिहावयाची असते. गेल्या महिन्यात सायकल घेतलेला माणूस मध्यम असे लिहितो, दहा वर्षे चालवणाराही मध्यमच लिहितो आणि ज्याला खरोखर येते तो नुसते ‘बघू’ एवढे लिहून मोकळा होतो. मग वाटाड्या त्यात दुरुस्त्या करतो. अलीकडे डायरेक्टर झालेल्या सद्गृहस्थांस निळा चौकोन मिळतो, मागील खेपेस ज्याने त्याच्या सूचनेवर शंका घेतली तो हिरव्या वर्तुळात जातो, समस्त वहिनीवर्ग न विचारता त्याच वर्तुळात बसवला जातो आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले कोणाचे तरी आईवडील पांढऱ्या वर्तुळात, म्हणजे इनक्लाइन व्हिलेज ते सँड हार्बर या २०१९मध्ये खुल्या झालेल्या, सुमारे ५ किलोमीटरच्या फरसबंद मार्गावर रवाना होतात. या वडिलांपैकी एखाद्याने तीस वर्षे खडकीच्या कारखान्यात सायकलने नोकरी केलेली असते. ते तो मार्ग दोनदा पार करून येतात आणि रस्ता चांगला आहे, पण वाटेत चहा कुठेच नाही, एवढाच अभिप्राय देतात.

वर्गीकरणाची खरी परीक्षा फ्लूम ट्रेलवर होते. फ्लूम म्हणजे पाणी किंवा लाकडाचे ओंडके वाहून नेणारी लाकडी पन्हाळ; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींना पाणी पुरविण्यासाठी डोंगराच्या कडेने अशी पन्हाळ बांधलेली होती आणि तिच्याच पट्ट्यावरून आजची वाट जाते. पाणी आपोआप वाहावे यासाठी पन्हाळीला अगदी मंद उतार द्यावा लागतो, त्यामुळे साधारण ७ किलोमीटरची ही वाट जवळजवळ सपाट आहे, आणि सपाट म्हणजे सोपी, असे वाटाड्याचे अनुमान आहे. वाट अरुंद असून सरोवर तिच्या खाली साडेचारशे मीटरवर आहे, आणि मधल्या जागेत कठडा नाही, ही बाब त्याच्या तक्त्यात कोठेही नोंदलेली नसते. शिवाय तेथे पोचण्यासाठी स्पूनर लेकपासून मार्लेट लेकपर्यंत सुमारे ८ किलोमीटर कच्च्या रस्त्याने चढावे लागते, आणि आदल्या रात्रीपर्यंत समुद्रसपाटीला श्वास घेणाऱ्या फुप्फुसांना २,४०० मीटरवरची विरळ हवा अपुरी पडते.

निघण्यापूर्वी टायर तपासण्याचा विधी होतो. वैद्याने नाडी पाहावी तसा तो अंगठ्याने प्रत्येकाचा टायर दाबतो, क्षणभर डोळे मिटतो आणि ‘हवा जास्त आहे’ असे सांगून व्हॉल्व्ह दाबतो. काटा असलेला पंप त्याच्या पाठीवरच्या पिशवीत असतो, परंतु तो काढला जात नाही. सैल मातीवर कमी हवेचा टायर अधिक पकड घेतो हे खरे आहे. तो फारच सैल झाल्यास ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चेपून तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात, हेही तितकेच खरे आहे, आणि दुपारपर्यंत त्याचा एखादा नमुना सर्वांना पाहावयास मिळतो.

फ्लूमवर डायरेक्टरसाहेब डोंगराच्या अंगाने सायकल ढकलत चालतात. हिरव्या वर्तुळातील वहिनी मात्र मंद गतीने, वाटेवर दहा-बारा फूट पुढे नजर ठेवून निघून जातात आणि रुंद जागी थांबून सर्वांचे फोटो काढतात. नजर जिकडे जाते तिकडे सायकल वळते, हा या खेळातला पहिला धडा आहे. वाटाड्याला तो ठाऊक असल्यामुळे तो मागून ‘दरीकडे बघू नका’ असे ओरडतो, आणि तोपर्यंत ज्यांनी पाहिलेली नसते तेही पाहतात. पुढे टनेल क्रीकचा तीव्र उतार येतो. तेथे ग्रॅनाइट झिजून झालेल्या भरड वाळूत पुढचा ब्रेक जोरात दाबणाऱ्याचे चाक रुतते, आणि ज्यांना धीर व दम दोन्ही होते, त्यांचे कसब तेथे उघडे पडते.

नियमांच्या बाबतीत मात्र वाटाड्याच्या तोडीचा माणूस मिळणे कठीण, हे मान्य केले पाहिजे. सरोवराला प्रदक्षिणा घालणाऱ्या सुमारे २६५ किलोमीटरच्या टाहो रिम ट्रेलवर सायकलींना सर्वत्र परवानगी नाही. वाइल्डरनेस म्हणून कायद्याने राखलेल्या अरण्यात आणि पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या दीर्घ पदमार्गाशी एकरूप झालेल्या भागात त्या वर्ज्य आहेत, तर टाहो मेडोज ते टनेल क्रीक या टप्प्यात त्या फक्त सम तारखांना चालतात, जेणेकरून पायी जाणाऱ्यांना एक दिवसाआड निवांतपणा मिळावा. ज्याने आयुष्यात कधी एकादशी पाळली नाही, असा हा माणूस सम-विषम मात्र कडक पाळतो. शनिवार-रविवारपैकी एक दिवस सम निघतोच. पण ३१ जुलैला शनिवार आल्यास दोन्ही दिवस विषम ठरतात, आणि अशा वर्षी तो जानेवारीतच सर्वांना सावध करून ठेवतो.

सरोवराच्या दक्षिणेस सॅक्सन क्रीक ट्रेल, म्हणजे सर्वतोमुखी झालेली मिस्टर टोड्स वाइल्ड राइड ही वाट आहे, आणि ग्रॅनाइटच्या धोंड्यांच्या पायऱ्यांवरून उतरणारी ही वाट वाटाड्याच्या संभाषणात सर्वाधिक येते. ती एका ठिकाणी सुरू होऊन दुसऱ्याच ठिकाणी संपत असल्यामुळे कोणीतरी गाडी पायथ्याशी आणणे भाग असते, आणि ही जबाबदारी अनुभवी माणसावरच सोपवावी असे त्याचे मत असल्याने ती दरवर्षी त्याच्याकडेच येते. नुकतेच नोकरीला लागलेले दोन तरुण वरून सुटतात. ते धुळीने माखून खाली येतात, तेव्हा तो चिवड्याचा डबा पुढे करतो आणि कोणत्या धोंड्यापाशी उतरावे लागले, असे विचारतो; त्यांनी ते सांगताच, तेथे उतरायचे नसते, वजन मागे घेऊन सोडून द्यायचे असते, असे तो इतक्या खात्रीने समजावतो, की ते दोघे खजील होतात. त्या धोंड्याची माहिती त्याने गेल्या वर्षी खाली आलेल्या दुसऱ्या दोघांकडून घेतलेली असते, आणि तेही तेथे उतरलेलेच असतात.